परिपाठातली विज्ञानवार्ता: 'संशोधनातून सिद्ध' म्हणण्याआधी काय पाहावं?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे परिपाठात रोज एक मूल विज्ञानवार्ता वाचतं. बातमी मुलं घरूनच, बहुतेक वेळा मोबाईलवरून उतरवून आणतात. मागच्या महिन्यात 'चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं, संशोधनातून सिद्ध' अशी वार्ता वाचली गेली. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. "बाई, हे खरं का? आमच्या डॉक्टरांनी तर गोड बंद करायला सांगितलंय." मला उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, वार्ता बंदच करा. माझं इंग्रजी बेताचं आहे आणि दिवसाला पंधरा मिनिटांपलीकडे वेळ मिळत नाही. बातमी तपासायची काही रीत सांगाल का?

उत्तर: ताई, वार्ता बंद करू नका. मुलं रोज एक नवी गोष्ट शोधून आणतात, ही सवय मोलाची आहे. बदलायचं आहे ते एवढंच की 'शास्त्रज्ञ म्हणतात' या शब्दांवर कोणतीही वार्ता थांबू नये. कोणावर, किती जणांवर, कशाशी ताडून आणि किती दिवसांनी मोजलं, हे सांगितल्याशिवाय निष्कर्ष सांगायचाच नाही, असा नियम करा. हा नियम पाळला तर निम्म्या बातम्या आपोआप गळतील आणि उरलेल्या जास्त रंजक होतील.

आधी त्या वडिलांना काय सांगायचं ते पाहू. डॉक्टरांचंच ऐका, असं त्यांना निःशंकपणे सांगा. चॉकलेटची ही बातमी २०१५ सालची आहे. जॉन बोहॅनन या पत्रकाराने काही सहकाऱ्यांच्या मदतीने जर्मनीत तो प्रयोग मुद्दाम केला होता. कच्चं आहारसंशोधन किती सहज मथळ्यांपर्यंत पोचतं, हे त्यांना दाखवायचं होतं. माणसं खरी होती, मोजमापंही खरी होती. १६ जण घेतले, एक गळला, १५ उरले. त्यांचे तीन गट केले: एकाचं जेवण नेहमीचं, दुसऱ्याच्या आहारात भात, ब्रेड, बटाटा असे पिष्टमय पदार्थ कमी, तिसऱ्याला तोच कमी पिष्टाचा आहार आणि रोज ४२ ग्रॅम काळं चॉकलेट. तीन आठवडे वजन, कोलेस्टेरॉल, सोडियम, झोप अशा १८ गोष्टी मोजल्या. चॉकलेटच्या गटाचं वजन १० टक्के जास्त वेगाने उतरलं. लेख पैसे भरून एका नियतकालिकात छापून आणला, अनेक देशांत बातम्या झाल्या आणि मे महिन्यात बोहॅननने स्वतःच सगळं उघड केलं.

यात चुकलं काय, ते मुलांना नीट समजावण्यासारखं आहे. एकेका गटात जेमतेम पाच माणसं. माणसाचं वजन पाणी, मीठ, पोट साफ होणं यांनीच दिवसाला किलोभर इकडेतिकडे होतं. पाच जणांच्या सरासरीत तो हेलकावा पुरता मिटत नाही. त्यात मोजल्या १८ गोष्टी. निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता प्रत्येक मोजमापात ५ टक्के धरतात. अशी १८ स्वतंत्र मोजमापं घेतली, तर निदान एकात तरी 'फरक' सापडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते. मग सापडलेला एक सांगायचा आणि बाकीचे सतरा गाळायचे, एवढंच उरतं.

हे वर्गात करून दाखवता येतं. तीस मुलांना एकेक नाणं द्या. प्रत्येकाने दहा वेळा उडवायचं आणि छापे मोजायचे. आठ किंवा जास्त छापे येण्याची शक्यता एका मुलाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात बहुधा एकदोघं निघतातच. त्यांना पुढे बोलवा, फळ्यावर नाव लिहा आणि लगेच त्याच मुलांना पुन्हा दहा वेळा नाणं उडवायला सांगा. बहुतेकांचे छापे पाचाच्या आसपास येतील. पहिल्या फेरीतलं 'कौशल्य' दुसऱ्या फेरीत का टिकलं नाही, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्या. एखाद्याचे दुसऱ्यांदाही आठ आले तर घाबरू नका, तिसरी फेरी घ्या. संशोधनात प्रयोग पुन्हा का करतात, याचा याहून स्वस्त पाठ नाही. एकच काळजी घ्या: नाणं हवेत फिरून जमिनीवर पडू द्या. काही मुलं ते तळहातावर झेलून उलटं करतात आणि मग कोणती बाजू धरायची यावरून भांडण होतं.

आता रोजच्या तपासणीकडे वळू. बातमी फुगते ती फक्त वार्ताहराकडे, असा आपला समज असतो. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासून 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली एक अभ्यास छापला गेला. प्राण्यांवरच्या प्रयोगातून माणसांबद्दल निष्कर्ष काढण्याची अतिशयोक्ती ३६ टक्के पत्रकांमध्येच होती. पत्रकात ती असेल तर ८६ टक्के बातम्यांत उतरली होती, पत्रकात नसेल तर फक्त १० टक्क्यांत. म्हणून एक बातमी तपासायला दुसरी बातमी शोधून उपयोग नाही. मूळ लेखाच्या सारांशापर्यंत जायला हवं. तो साधारण दोनतीनशे शब्दांचा असतो आणि जवळजवळ नेहमी फुकट वाचता येतो.

बातमीत नियतकालिकाचं नाव, साल आणि एका तरी संशोधकाचं किंवा संस्थेचं नाव शोधा. तिन्हींपैकी काहीच नसेल तर ती बातमी तिथेच सोडा, तिच्यामागे वेळ घालवू नका. नावं मिळाली तर आरोग्याच्या विषयासाठी 'पबमेड', इतर विषयांसाठी 'गुगल स्कॉलर' हे संशोधन लेख शोधायचं संकेतस्थळ उघडा आणि नाव, साल व विषयाचे दोन शब्द टाका. लेखाला 'डीओआय' नावाचा कायमचा क्रमांक असतो. तो मिळाला तर वहीत उतरवा, कारण पत्ते बदलतात पण हा क्रमांक त्याच लेखाकडे नेतो. सारांश मोबाईलच्या भाषांतर यंत्रात टाकायला हरकत नाही, पण आकडे मूळ इंग्रजीतूनच घ्या आणि 'असोसिएटेड विथ' हे शब्द मूळ लेखात आहेत का ते डोळ्यांनी पाहा. त्यांचा अर्थ दोन गोष्टी सोबत आढळल्या इतकाच. भाषांतरात त्याचं 'यामुळे ते होतं' झालं, की सगळा निष्कर्षच बदलतो. 'माइस', 'रॅट', 'इन व्हिट्रो' यांपैकी काही दिसलं तर प्रयोग उंदरांवर किंवा काचपात्रातल्या पेशींवर झालाय. असा प्रयोग वार्तेत जरूर घ्या, फक्त 'उंदरांमध्ये' हा शब्द पहिल्याच वाक्यात यायला हवा. 'प्रीप्रिंट' म्हणजे इतर तज्ज्ञांनी अजून न तपासलेला मसुदा. आरोग्याचा प्रीप्रिंट मुलांपुढे नकोच.

लेख मागे घेतलाय का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतं. पबमेडवर अशा लेखाच्या माथ्यावर 'रिट्रॅक्टेड' अशी ठळक सूचना असते. मागे घेतलेल्या लेखांची 'रिट्रॅक्शन वॉच' ही मोठी यादी २०२३पासून सर्वांना मोफत खुली आहे. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला होता, तोही अवघ्या १२ मुलांवरचा. तो मागे घेतला गेला २०१० साली. मधल्या बारा वर्षांत पसरलेली भीती अजून पालकांच्या प्रश्नांत डोकावते, म्हणून लसीबद्दलच्या कोणत्याही वार्तेला ही पायरी चुकवू नका.

भारतात औषधांची किंवा उपचारांची चाचणी झाली असेल तर तिची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत असायला हवी. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९पासून नोंद सक्तीची आहे. तिथे चाचणीत काय मोजणार, हे आधीच लिहिलेलं असतं. अठरा गोष्टी मोजून एकच सांगण्याची चलाखी इथे पकडता येते: नोंदीत मुख्य मोजमाप एक आणि बातमीत दुसरंच, असं दिसलं की थांबावं. पूर्ण लेख हवा असेल आणि तो पैशांच्या कुंपणामागे असेल, तर जवळच्या शासकीय महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना डीओआय पाठवा. 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजनेत १ जानेवारी २०२५पासून केंद्र व राज्य सरकारच्या उच्च शिक्षणसंस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचं, ज्यावर आठवडाभर थांबलात तरी चालेल: तुलना. शेजारच्या दोन वाफ्यांपैकी एकालाच खत घातल्याशिवाय पीक खताने वाढलं की पावसाने, हे कळत नाही. तुमच्या मुलांना हे शेतावरून माहीत असणार. गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या महिलांना घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि प्रतिजैविक देणं. तुलनेला ४७ गावं ठेवली. सुरुवातीला हजार जन्मांमागे नवजात मृत्यू कामाच्या गावांत ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होते. तिसऱ्या वर्षी कामाच्या गावांत २५.५ झाले, तुलनेच्या गावांत ५९.६. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. फक्त '६२ वरून २५.५' एवढंच सांगितलं असतं तर कुणीही म्हटलं असतं, रस्ते झाले, दवाखाने आले, काळ सुधारला. तुलनेच्या गावांतला ५९.६ हा आकडा त्या शंकेला उत्तर देतो. मुलांना आधी कामाच्या गावांचे दोन आकडे सांगा आणि 'एवढ्यावरून काय सिद्ध होतं?' असं विचारा. मग तुलनेच्या गावांचे दोन सांगा.

ही गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, हे जाणकार लगेच विचारतील आणि विचारायलाच हवं. म्हणूनच पुढे इतर ठिकाणी झालेले प्रयोग महत्त्वाचे ठरले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ साली नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली आणि २०११पासून भारतात आशाताई ते काम करतात. तुमच्या गावातल्या आशाताईंना परिपाठाला बोलावून बाळाचं वजन कसं करतात, ते दाखवायला सांगा. एका वार्तेतून इतकं दुसरीकडे क्वचित मिळतं.

चिठ्ठ्या टाकून वाटणी कशी होते, यासाठी मुंबई आणि वडोदऱ्यातल्या नगरपालिका शाळांचा 'बालसखी' प्रयोग वापरा. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी रोज शाळेच्या वेळात दोन तास, पंधरा-वीसच्या गटात वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. काही शाळांत तिसरीला बालसखी मिळाली, काहींत चौथीला. निवड योगायोगावर सोडली होती, त्यामुळे एका शाळेतली तिसरी दुसऱ्या शाळेतल्या तिसरीशी ताडता आली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सरासरी गुण पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. हा आकडा मुलांना असा सांगा: शंभर मुलं कमी गुणांपासून जास्त गुणांकडे ओळीत उभी केली, तर मधलं, पन्नासावं मूल ०.२८ वाढीनंतर सुमारे एकसष्टाव्या जागी जातं. कार्यक्रम संपल्यावर वर्षाने फरक ०.१ पर्यंत उतरला होता, म्हणजे साधारण चौपन्नावी जागा. बातमीत हा शेवटचा आकडा बहुधा गाळतात. तुम्ही तो गाळू नका, कारण शिक्षकाला सगळ्यात उपयोगी तोच आहे: पाया पक्का करण्याचं काम वर्षभरात आटोपत नाही.

मोजमाप कधी घेतलं, याने निकाल उलटू शकतो, हेही शिक्षणातल्याच एका अभ्यासात दिसतं. २००६ साली अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी १२० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले, ५६ विरुद्ध ४२. पुढे शाळांच्या वर्गांतही असे प्रयोग झाले आणि कल तोच राहिला. तुमच्या परिपाठात याचा थेट वापर आहे. सोमवारी वाचलेल्या वार्तेवर शुक्रवारी वही न उघडता दोन प्रश्न विचारा. उलट, मुलांचे 'बघून शिकणारे' आणि 'ऐकून शिकणारे' असे प्रकार पाडून त्याप्रमाणे शिकवल्याने शिक्षण सुधारतं, याला पुरेसा पुरावा नसल्याचं २००८च्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आलं. प्रशिक्षणात ते अजूनही सांगतात, तेव्हा सावध राहा.

टक्केवारीबद्दल थोडक्यात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जाहीर केलं, की सॉसेज, बेकन यांसारखं प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. मुलं ऐकतात, शंभरातल्या अठरांना होतो. तसं नाही. समजा एरवी शंभरात पाच जणांना होत असेल, तर १८ टक्के वाढ म्हणजे पाचाचे सुमारे सहा. म्हणून 'इतके टक्के वाढ' असं दिसलं की 'कितीवरून किती?' असं विचारायचं. मूळ आकडा मिळाला नाही तर टक्केवारी वाचायची नाही. याच मांसाला तंबाखूच्या गटात टाकलं, म्हणून धोका तंबाखूइतका, असंही मथळ्यांत आलं होतं. ते गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतात. धोका किती मोठा आहे हे त्यांतून कळत नाही.

भौतिकशास्त्र आणि तंत्रज्ञानात माणसांची संख्या मोजून भागत नाही. तिथे 'आणखी कोणाला जमलं?' हा प्रश्न मुख्य. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने एलके-९९ हा पदार्थ नेहमीच्या तापमानालाही विजेला शून्य रोध करतो, असा दावा प्रीप्रिंटमध्ये केला. महिनाभरात जगभरच्या प्रयोगशाळांनी तो बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचाही त्यांत समावेश होता. नेहमीच्या तापमानाला अतिवाहकता, म्हणजे शून्य रोध, असल्याचं कुणालाही पक्कं दाखवता आलं नाही. रोध एकदम उतरत होता तो मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, कारण सुमारे १०४ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते. जर्मनीतल्या गटाने शुद्ध स्फटिक वाढवले, ते तर विद्युतरोधक निघाले. २०११ साली न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याची बातमी आली होती, तिच्या मुळाशी नीट न बसलेली एक प्रकाशतंतूची केबल होती. अशा दाव्यांना तीन महिन्यांची मुदत द्या. वार्ता वहीत 'थांबा' या पानावर लिहून ठेवा आणि मुदत संपल्यावर त्याच मुलाला पुढे काय झालं ते शोधायला सांगा.

वार्ता शेवटी कशी दिसावी, याचा नमुना देतो. तुमच्या सोयीने लहान करा:

"चंद्रयान-३ मधला विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर ६९ अंश दक्षिण अक्षांशाजवळ उतरला. ही जागा प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवापासून सुमारे ६३० किलोमीटर दूर आहे. लँडरवरच्या 'चेस्ट' या उपकरणाने मातीत खुपसलेल्या दांडीवरच्या १० संवेदकांनी तापमान मोजलं. २०२५मध्ये छापलेल्या लेखानुसार तिथे पृष्ठभाग जास्तीत जास्त सुमारे ८२ अंश सेल्सिअस तापला, पण मीटरभर अंतरावरच्या सपाट जागी सुमारे ५९ अंशच. कारण उपकरण सूर्याकडे ६ अंश कललेल्या उतारावर होतं. हे मोजमाप एकाच ठिकाणचं आहे."

हे सावकाश वाचायला एक मिनिट पुरतं. 'चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर इतकं तापमान' या मथळ्यापेक्षा यात विचारण्यासारखे प्रश्न कितीतरी जास्त आहेत. सहा अंशांच्या उताराने एवढा फरक कसा पडतो, हे तर मुलं दुपारी मैदानात दोन पत्रे आणि एक तापमापी घेऊन तपासू शकतील. पत्रे एकाच रंगाचे हवेत, एक सपाट आणि एक सूर्याकडे कललेला ठेवायचा. सहा अंशांनी इथे फरक फार थोडा दिसेल, म्हणून पत्रा वीस-तीस अंश कलवा. थंडीच्या दिवसांत करा, तेव्हा सूर्य दक्षिणेकडे खाली असतो आणि फरक स्पष्ट कळतो.

रोज वेगळी वार्ता हवीच असा आग्रह मात्र सोडा. आठवड्याला दोन तपासलेल्या वार्ता, एका दिवशी जुन्या वार्तेवर प्रश्न, एका दिवशी 'थांबा' पानाचा आढावा आणि उरलेल्या दिवशी मुलांची स्वतःची निरीक्षणं, अशी विभागणी केली तर तुमची पंधरा मिनिटं पुरतील. सातवीतल्या तिघाचौघांना पबमेडवर सारांश शोधायला एकदा शिकवा, पुढच्या वर्षी आठवीत गेल्यावर ते नव्या सातवीला शिकवतील. आणि चॉकलेटची वार्ता ज्या मुलाने वाचली, त्यालाच १५ माणसं आणि १८ मोजमापांची ही हकिकत परिपाठात सांगू द्या. त्या मुलीच्या वडिलांनाही त्या दिवशी बोलवा.